‘कलाकारांनी कलेपुरतं बघावं’ म्हणणाऱ्या वाचकांना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या पानावर एका वाचकाचं पत्र आलं होतं. नट-गायकांनी आपलं नाटक-गाणं बघावं, नसत्या भानगडीत पडू नये, स्वातंत्र्याच्या लढ्यात कलेनं प्रेरणा दिली हे मान्य पण ती वेळ वेगळी होती, असा एकूण सूर. पत्र सभ्य होतं, शिवीगाळ नव्हती, हल्ली तेवढंही पुष्कळ म्हणायचं. पण त्यातल्या ‘प्रेरणा’ या शब्दाशी मी अडलो आणि चार दिवस झाले तरी तिथंच अडकलोय, म्हणून हे लिहितोय. लांबलं तर कापा, फक्त मधलं कापू नका.

मी सांगलीचा. सत्तरी ओलांडली, नोकरी संपली, आता गुडघे आणि नाटक एवढंच उरलंय. आम्ही पाच-सहा जण दर गुरुवारी संध्याकाळी एकाच्या गच्चीवर जमतो आणि जुनी नाटकं मोठ्यानं वाचतो. प्रयोग वगैरे काही नाही, नुसतं वाचन, पात्रं वाटून घ्यायची, चहा आणि भडंग. गेल्या महिन्यापासून खाडिलकरांचं ‘कीचकवध’ घेतलंय. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर म्हणजे आमच्याच गावचे, टिळकांचे उजवे हात, केसरीतले. आता सांगलीकर कशालाही ‘आमचंच’ म्हणतात हा आरोप मला मान्य आहे, पण हे खरंच आमचं आहे.

तर वाचन चाललं होतं आणि ज्याची गच्ची त्याचा नातू, बारावीतला, मोबाइल बघत कोपऱ्यात बसलेला. अर्ध्या तासानं तो म्हणाला, आजोबा, तुम्ही म्हणालात की इंग्रजांनी या नाटकावर बंदी घातली, पण यात इंग्रज आहेतच कुठं? हे तर महाभारत आहे.

पोरानं बरोब्बर दुखणं पकडलं. कारण खरंच नाहीत. १९०७ साली नाटक रंगभूमीवर आलं. गोष्ट विराटपर्वातली, सगळ्यांना तोंडपाठ असलेली. पांडव अज्ञातवासात, द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची वेणीफणी करतेय, भीम बल्लव होऊन मुदपाकखान्यात, धर्मराज कंक होऊन राजाशी द्यूत खेळतोय. राणीचा भाऊ कीचक, सेनापती, माजलेला, त्याची नजर सैरंध्रीवर पडते. धर्मराज म्हणतो धीर धरा, सबुरीनं घ्या, नियमानं चला. भीमाचं डोकं फिरतं. शेवटी कीचक मरतो. एवढंच. कर्झन हा शब्द नाही, इंग्रज नाही, बंगालची फाळणी नाही, स्वदेशी नाही, काँग्रेस नाही.

पण थेटरात बसलेल्या माणसाला, तो सुशिक्षित असो नाहीतर पिटात बसणारा असो, कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, १९०५ ला बंगाल तोडून नुकताच गेलेला. सैरंध्री म्हणजे आपला देश. कंकभट म्हणजे मवाळ, बल्लव म्हणजे जहाल. आणि गंमत बघा, काँग्रेस सुरतेला फुटली, खुर्च्या-चपला उडाल्या, ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात. म्हणजे धर्मराज आणि भीम यांचं भांडण प्रेक्षकांना पेपरातही दिसत होतं आणि स्टेजवरही. याला प्रेरणा म्हणायचं का? माझ्या मते ही राजकीय चर्चा होती, जी सभेत केली असती तर बोलणारा आत गेला असता. १९०८ ला टिळक तर गेलेच, सहा वर्षं मंडालेला, नुसत्या अग्रलेखांपायी. म्हणजे लेख लिहिला की शिक्षा, भाषण केलं की शिक्षा, मग बोलायचं कुठं? तर महाभारतात. सरकार महाभारतावर खटला कसा भरणार?

भरला नाही, पण १९१० च्या जानेवारीत बंदी घातली. लंडनच्या ‘टाइम्स’ला कळलं होतं नाटकात काय आहे ते. त्यांचा व्हॅलेंटाइन चिरोल, तोच ज्याच्यावर टिळकांनी पुढं विलायतेत अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ ला हरले, त्याच्या १९१० च्या पुस्तकात कीचकवधाची सगळी फोड दिलेली आहे, नाव कुठंच घेतलेलं नाही पण थेटरातल्या प्रत्येकाला कीचक कोण ते ठाऊक असतं, अशा अर्थाचं. एका मराठी नाटकाचा इतका बारीक रसास्वाद तिकडं छापून यावा! आपल्याकडच्या समीक्षकांनी एवढं मन लावून किती नाटकं बघितली असतील कोण जाणे. मी त्या नातवाला हेच म्हणालो की बाबा, ज्याला भीती वाटते तो नाटक सगळ्यात लक्ष देऊन बघतो.

बंदी जानेवारीतच का आली हे समजायला जरा नाशिकला जावं लागतं, आणि हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. नाशिकला सावरकर बंधूंचा मित्रमेळा होता, त्याचंच पुढं अभिनव भारत झालं. त्यांच्यात एक कवी होता, आबा दरेकर, कवी गोविंद म्हणून ओळखतात. पायानं अधू माणूस, चालता येत नव्हतं, पण पदं अशी लिहायचा की पोरं मेळ्यात म्हणत गावभर फिरायची. ती पदं बाबाराव सावरकरांनी छापली, छोटंसं पुस्तक, ‘लघु अभिनव भारत माला’ नावाचं. १९०९ च्या जूनमध्ये बाबारावांना शिक्षा झाली. किती? जन्मठेप, काळं पाणी. कशाबद्दल? चार पदं छापली म्हणून. बॉम्ब नाही, पिस्तूल नाही, पदं! आणि त्या पदांत तरी काय, देव आणि शिवाजी महाराज. पण हायकोर्टानं मखलाशी ऐकून घेतली नाही, देवांची आणि वीरांची नावं नुसती निमित्ताला आहेत, सांगायचं आहे ते चालू सरकारशी लढायलाच, असा निष्कर्ष काढला. कायद्याचं माहीत नाही पण काव्य समजण्यात न्यायमूर्ती चुकले नव्हते हे कबूल करायला पाहिजे.

बाबारावांना कोर्टापुढं पाठवणारा नाशिकचा कलेक्टर जॅक्सन. संस्कृतचा जाणकार, मराठी नाटकांचा शौकीन, लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणायचे. त्याची बढती होऊन मुंबईला बदली झाली म्हणून त्याच्या निरोपाला नाशिकच्या विजयानंद थिएटरात किर्लोस्कर मंडळींचा ‘शारदा’चा प्रयोग ठेवला होता. २१ डिसेंबर १९०९. आणि तिथंच, नाटकाला आलेला असताना, अनंत कान्हेरेनं त्याला गोळ्या घातल्या. पोराचं वय अठराच्या आसपास. पुढच्या १९ एप्रिलला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि कटातले त्याचे साथीदार कर्वे आणि देशपांडे यांना फाशी दिलं.

मी इथं टाळी मागत नाहीये. थेटरात माणूस मारला गेला, त्यात तो नाटक बघायला आलेला, हे वाचताना नाटकवाला म्हणून माझ्या पोटात आजही कसंतरी होतं. पण तारखा नीट ओळीत लावा. जूनमध्ये पदं छापल्याबद्दल जन्मठेप, डिसेंबरमध्ये थेटरात खून, जानेवारीत नाटकावर बंदी, फेब्रुवारीत नवा प्रेस अ‍ॅक्ट. गाणं, थेटर, नाटक, छापखाना. सरकारनं एकेक करून सगळ्यांना हात घातला. त्यांच्या हिशेबात यातलं काहीच ‘कलेपुरतं’ नव्हतं.

आणि तो हिशेब जुना होता. नाटकांसाठीचा कायदा १८७६ चाच. वेल्सचा राजपुत्र कलकत्त्याला आला तेव्हा एका बंगाली सरकारी वकिलानं त्याला थेट घरातल्या बायकांच्या माजघरापर्यंत नेऊन पाहुणचार केला, त्याची टर उडवणारं एक प्रहसन तिथं लागलं, आणि त्याच वर्षी कायदा हजर. एका प्रहसनाला! त्याच्या आधीपासून निळीच्या मळेवाल्यांचे अत्याचार दाखवणारं दीनबंधू मित्रांचं नाटक डोळ्यांत खुपत होतंच. आता विनोद असा की इंग्रज १९४७ ला गेले आणि हा कायदा देशाच्या कायद्यांच्या यादीतून रीतसर रद्द झाला २०१८ च्या सुरुवातीला. सत्तर वर्षं! कुणाच्या लक्षात नव्हता म्हणा, किंवा असू दे, लागला तर, म्हणून ठेवला म्हणा. आपल्या राज्यात नाटक करायचं तर संहिता आधी परीक्षण मंडळाकडे धाडायची पद्धत आहेच, २०१६ ला अमोल पालेकर त्याविरुद्ध हायकोर्टात गेले होते ते अनेकांना आठवत असेल. तर ‘ती वेळ वेगळी होती’ हे म्हणताना जरा दमानं.

आता पोवाड्याकडे येतो, कारण तिथं माझा स्वतःचा थोडा हात लागलेला आहे. कॉलेजात असताना मी एका कलापथकात झीलकरी होतो. ज्यांनी स्टेजवर फक्त मुख्य शाहीर बघितलाय त्यांना सांगतो, शाहीर हातात डफ घेऊन पुढं उभा असतो, मागं तुणतुणंवाला आणि झांजवाला, आणि तेच झील धरतात. शाहिरानं ओळ टाकली की तिचं शेपूट उचलायचं आणि जी जी रं जी करून परत फेकायचं. मला पहिल्यांदा वाटायचं हे नुसतं शाहिराला दम खायला वेळ मिळावा म्हणून आहे. तेही आहेच. पण आमच्या एका म्हाताऱ्या शाहिरानं एकदा सांगितलं ते असं, की अरे माइक नव्हते तेव्हा, हजार माणूस मैदानात, मागच्याला पहिली खेप ऐकू जात नाही, झील धरली की जातंय, आणि ओळ दोनदा कानावर पडली की घरी जाईपर्यंत पाठ होतीय. म्हणजे ज्याला आपण संगीत म्हणतो ते त्यांचं लाउडस्पीकर पण होतं आणि छापखाना पण. अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत बातमी न्यायची, ती त्यानं दुसऱ्या गावात जाऊन जशीच्या तशी सांगायची, तर गद्यात ती तिसऱ्या तोंडाला बदलते. यमक असलं की बदलत नाही. पत्रीसरकारच्या, म्हणजे नाना पाटलांच्या भूमिगत प्रतिसरकारच्या वेळी, बेचाळीसनंतर, आमच्या या भागात, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, कुंडलकडं शाहीर निकम गावोगाव जायचे ते नुसतं करमणुकीला जात नव्हते. नाना पाटलांचं भाषण तरी काय होतं, जुन्या लोकांकडून ऐकलंय ते असं की निम्मा तमाशा आणि निम्मं कीर्तन, माणूस हसताहसता कधी सामील झाला कळायचंच नाही.

झीलकरीपणाची एक आठवण सांगतो, स्वातंत्र्यलढ्याची नाही पण सोयरीक तीच. १९७६ साल, आणीबाणी चालू. आदल्या डिसेंबरात इथनं तासाभरावर कऱ्हाडला साहित्य संमेलन झालं होतं, केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण मांडवात असताना अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी तुरुंगवासात आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायणांच्या तब्येतीसाठी सगळ्यांना प्रार्थना करायला लावली होती, पुढं बाई तुरुंगात गेल्या. त्यामुळं आमच्या कॉलेजचं गॅदरिंग आलं तेव्हा वरची मंडळी जाम टरकलेली. सगळी गाणी लिहून द्या म्हणाले. दिली. निम्म्यावर काट मारून परत आली. ‘रात्र’ शब्द होता तिथं काट, ‘तुरुंग’ होता तिथं काट, एका भूपाळीत ‘जागा’ होतं त्याच्यावर पण काट, आता भूपाळीत माणूस जागा व्हायचा नाही तर काय व्हायचा! मग आमच्यातल्या एकानं शक्कल काढली की बतावणी, म्हणजे दोघांचा विनोदी संवाद, लिहून द्यायची नाही, ती आयत्या वेळी सुचल्यासारखी करायची, तमाशात तसंच करतात.

गॅदरिंगला दोन गडी पुढं आले. मी दुसरा. पहिला डोक्यावर छत्री धरून. मी म्हटलं, काय रं, छत्री कशाला? तो म्हणाला, पाऊस पडतोय. मी हात बाहेर काढला, वर बघितलं, म्हटलं, कुठाय पाऊस, ऊन पडलंय की. त्यानं इकडंतिकडं बघितलं, मला छत्रीखाली ओढलं आणि बारीक आवाजात म्हणाला, पडतोय म्हणून वरून सांगितलंय न्हवं, मग भिजल्यासारखं कर.

दोन सेकंद हॉल गप्प. खरं सांगतो, त्या दोन सेकंदात मला घाम फुटला, वाटलं गेलं. आणि मग मागच्या बाकावरून जो हशा आला तो पुढं सरकत सरकत पाहुण्यांच्या खुर्च्यांपर्यंत गेला. प्राचार्य पण हसले, मी बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच केबिनमध्ये बोलावून झाडलं, पुढच्या वर्षी तुमचं पथक बंद म्हणाले, ते वेगळं. पण त्या हॉलमध्ये आठशे पोरं होती आणि त्यांना एका झटक्यात कळलं की शेजाऱ्याला पण तेच वाटतंय जे आपल्याला वाटतंय. त्याआधी कुणाला कुणाचं माहीत नव्हतं, बोलायची चोरी होती ना. कीचकवधाच्या पिटात हेच होत असणार. प्रत्येक जण आधीच चिडलेला असायचा, नाटकानं फक्त दाखवून द्यायचं की सगळेच चिडलेत. मला वाटतं सरकारं याला जास्त घाबरतात, एकट्या माणसाच्या चिडीला कोण विचारतंय.

शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्याबद्दल लिहायला बसलो तर तुमची पुरवणी लागेल. तिघांनी १९४४ ला लाल बावटा कलापथक काढलं. अण्णाभाऊ वाटेगावचे, वाळवा तालुका, म्हणजे परत आमचेच, हसू नका. शाळा दीड दिवसाची, मुंबईला घरचे पायी चालत गेलेले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि गणात, म्हणजे सुरुवातीच्या गणपतीच्या नमनात, गणपतीच्या जागी कष्टकऱ्याला बसवलं, गवळणीला सुट्टी दिली. पुढं मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली तेव्हा हीच मंडळी त्याला लोकनाट्य म्हणू लागली, झालं, कायद्यात तमाशा लिहिलेलं, लोकनाट्य कुठं लिहिलंय!

माझी आई लग्न होऊन परळच्या चाळीत गेली होती, वडील गिरणीत. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी तिनं अमर शेखांना ऐकलेलं, ते तिला मरेपर्यंत पुरलं. बार्शीचा माणूस, खरं नाव मेहबूब हुसेन पटेल, आवाज असा की माइक बाजूला सारून गायचा. ती सांगायची, गाणं संपलं की झोळी फिरायची आणि लोक खिशात असेल ते टाकायचे. तिच्याकडं चार आणे होते, रॉकेलचे. तिनं टाकले. घरी आल्यावर स्टोव्ह पेटला नाही, शेजारणीकडनं निखारे मागून आणले आणि वडिलांना खोटंच सांगितलं की दुकान बंद होतं. यात काही थोर त्याग आहे असं ती कधी म्हणाली नाही, उलट वडिलांना थाप मारल्याचं तिला जास्त हसू यायचं. पण अशा चार-चार आण्यांवर चळवळ चालली हे खरंय, पत्रकं छापायला, आत गेलेल्यांच्या घरी किराणा भरायला पैसा लागतो आणि तो भाषणाच्या शेवटी मागितला तर मिळतो त्यापेक्षा गाण्याच्या शेवटी जास्त मिळतो. १०६ माणसं गेली त्या लढ्यात, १ मे १९६० उजाडला.

फंडावरून आठवलं. दादरा नगर हवेली पोर्तुगीजांकडून सोडवली ती १९५४ ला, २ ऑगस्टला सिल्वासा हाती आलं. त्यात सुधीर फडके स्वतः होते, आपले बाबूजी, ज्यांचं गीतरामायण पुढच्याच वर्षी रेडिओवर घराघरांत गेलं. त्या मोहिमेला पैसे नव्हते, तर लता मंगेशकरांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम करून पैसे उभे करून दिले. नंतर मोहन रानडे, सांगलीचेच (आता काय करू), गोव्यात मास्तर म्हणून जाऊन लढ्यात पडलेले, १९५५ ला पकडले गेले, गोवा १९६१ ला सुटला तरी ते पोर्तुगालच्या तुरुंगातच, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठीच्या समितीत धावपळ करणारे परत बाबूजीच. रानडे सुटले १९६९ ला. आता ज्या वाचकानं ते पत्र लिहिलंय त्यांना मी विचारतो, बाबूजींनी कलेपुरतं बघायला पाहिजे होतं का? त्यांच्या गाण्याचं त्यानं काय वाकडं झालं?

एक गोष्ट मात्र त्या वाचकाच्या बाजूनं लिहितो, नाहीतर मी पण भाषणच ठोकतोय असं व्हायचं. चळवळीत उतरलेली सगळी कला काही चांगली नव्हती. गणपतीचे मेळे, म्हणजे उत्सवात पदं गात फिरणारी पथकं, १८९४ पासून सुरू झाले, आदल्या वर्षीच्या दंगलींनंतर, आणि त्यातली कितीतरी पदं मोहरमला जाऊ नका, ताबुतांपुढं नाचू नका, असल्या विषयांवर होती. त्याआधी हिंदू माणसं हौसेनं ताबुतांपुढं वाजवायची. म्हणजे गाण्यात जी ताकद आहे ती सरकारविरुद्ध लागते तशी शेजाऱ्याविरुद्धही लागते, डफाला काय कळतंय. आणि बरीचशी पदं काव्य म्हणून निव्वळ जुळवाजुळव होती हे मी मेळ्यांचा अभिमानी असूनही म्हणतो.

शिवाय स्वातंत्र्य म्हणजे एकच नव्हतं. ज्या नाशिकात १९०९ ला पदं छापल्याबद्दल जन्मठेप झाली त्याच नाशिकात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि त्याच भागात भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे उभे राहिले. बाज तमाशाचाच, पण त्यांच्या बतावणीत कीचक इंग्रज नव्हता, तो गावातच राहत होता, पाणवठ्यावर उभा होता. कीचकवधाला टाळ्या वाजवणाऱ्या किती जणांना हा जलसा बघून टाळी वाजवावीशी वाटली असती, सांगता येत नाही. आमच्या गच्चीवर हा विषय काढला तर भडंग संपेपर्यंत भांडण चाललं. अजून मिटलेलं नाही.

हे सगळं लिहायला तात्कालिक कारण आणखी एक आहे. यंदा आम्ही म्हाताऱ्यांनी एका एकांकिका स्पर्धेसाठी छोटं नाटुकलं बसवलं. त्यात सूत्रधार म्हणतो, ‘महाराज, प्रजा गप्प आहे म्हणजे सुखी आहे असं कोणी सांगितलं?’ एवढंच वाक्य, महाराज काल्पनिक, प्रजा काल्पनिक. संयोजकांपैकी एकाचा रात्री फोन आला, काका तेवढं वाक्य काढता का, कोण काय अर्थ काढेल सांगता येत नाही, प्रमुख पाहुणे येणारेत. मी म्हटलं कोण पाहुणे? तर ते अजून ठरलेलं नाही म्हणाला. म्हणजे जो अजून ठरलेला नाही त्याला लागेल म्हणून वाक्य काढायचं! मला एकदम १९७६ चा भूपाळीवरचा तो लाल पेनचा काट आठवला. निदान तेव्हा वरून हुकूम तरी होता. त्या पोराला दोष देत नाही, त्याला हॉल मिळवायचा असतो, स्पॉन्सर सांभाळायचा असतो, घरी लहान मूल आहे.

आम्ही काय केलं ते सांगून टाकतो. वाक्य काढलं. त्या जागी सूत्रधार महाराजांकडं बघतो, प्रेक्षकांकडं बघतो, तोंड उघडतो आणि मिटतो, बस. तालमीत ते वाक्यापेक्षा जास्त लागलं, कारण प्रत्येकानं आपापलं वाक्य त्यात घातलं. खाडिलकर असते तर म्हणाले असते तुम्हाला फार उशिरा समजलं.

कीचकवधाचं वाचन अर्ध्यावर आलंय. आमचा भीम मुलाकडं पुण्याला गेलाय, डोळ्यांचं ऑपरेशन आहे, महिनाभर येत नाही. त्या बारावीच्या पोरानं मोबाइल ठेवून आपणहून पुस्तक उचललंय पण त्याला भीम नको, कीचक पाहिजे, त्याचीच वाक्यं जास्त दणकेबाज आहेत म्हणतो. तेव्हा तुमच्या सांगली-मिरजेच्या वाचकांपैकी कुणाचा आवाज मोठा असेल आणि गुरुवारी संध्याकाळी वेळ असेल तर भीमाची जागा रिकामी आहे. त्या पत्रलेखक वाचकांना यायचं असेल तर त्यांनीही यावं, त्यांना धर्मराज देऊ, वाईट भूमिका नाही ती.

कळावे, लोभ असावा.
एक जुना झीलकरी, सांगली